दीव किती लांब

आमच्या घरावरून आता विमानं जातात. मोप्याला विमानतळ झाल्यापासून दुपारची झोप म्हणून उरलेली नाही. जरा डोळा लागावा, की वरून एक जातं, कपाटातल्या बश्या किणकिणतात आणि शेजारचा कुत्रा अंगणात येऊन वर बघत भुंकत बसतो. गेल्या चवथीला मामेभावाचा मुलगा आला होता. तो पुण्याला असतो आणि जगातलं सगळं फोनात बघून सांगतो. मी सहज म्हटलं, बघ रे, पणजीहून दीव किती लांब? त्याने दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "आत्ये, सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर. विमानाने सव्वा तास." मग डोळे बारीक करून आणखी थोडं वाचलं. "पण थेट विमान नाही." हात मेल्या, म्हटलं, हे मला तुझा जन्म व्हायच्या आधीपासून ठाऊक आहे. सव्वा तास म्हणे! माझ्या आईच्या ऐन उमेदीची दहा वर्षं त्या सव्वा तासाच्या अंतरात गेली, आणि पुढची वीस ते अंतर संपल्यावर गेली. आज लिहायला बसले आहे तेही जरा दमूनच. पण लिहिते, कारण हे जाणणारं माणूस आता माझ्याशिवाय कुणी राहिलेलं नाही.

तेव्हा गोवा, दमण आणि दीव असं एकच सरकार होतं. पोर्तुगीज गेले ते तिन्ही तुकडे एका गाठोड्यात बांधून ठेवून गेले, आणि दिल्लीने ते गाठोडं बरीच वर्षं सोडलंच नाही. शाळेतल्या नकाशावर गोवा खाली, दीव वर गुजरातच्या पायाशी, समुद्रात पडलेल्या तांदळाच्या कणीएवढं. मी त्यावर वीत ठेवून बघायची. माझी वीतसुद्धा पुरी लागत नसे. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. पणजीत ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नसेल त्याची बदली दिवाला होते, असं लोक म्हणत. आमच्यासाठी शब्द टाकणारं पेडण्याच्या बाजारातही कुणी नव्हतं, पणजीची गोष्ट सोडाच. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले बाबा दहा वर्षं तिथेच राहिले. दर वर्षी कोणीतरी सांगे, येत्या जूनला नक्की. जून यायचा, भात पेरून व्हायचं, आणि बाबा दिवालाच.

ते वर्षातून एकदा यायचे, चवथीला. येणं म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. दिवाहून खाडीपलीकडे, तिथून बसने वेरावळ, तिथून रात्रभर आगगाडीने अहमदाबाद, तिथे दिवसभर फलाटावर ट्रंकेवर बसून राहायचं, मग मुंबई, आणि मुंबईहून गोव्याची बस. एखादी गाडी चुकली की चौथा दिवस उजाडायचा. पत्रादेवीचा नाका ओलांडून बस पेडण्याला थांबे, आणि बाबा उतरत ते आधी ट्रंक, मग वळकटी, मग सुक्या बोंबलांची पिशवी आणि सगळ्यांत शेवटी स्वतः. चेहऱ्यावर धूळ, डोळे तांबडे. घरी येऊन आंघोळ करत आणि झोपत. पहिले दोन दिवस झोपण्यात जात. मग गणपती. गणपती पोचवून आलं की बाबांची नजर लागायची भिंतीवरच्या कॅलेंडराकडे, कारण परतीचे दिवस रजेतूनच कापले जायचे. मला आठवतंय ते असं, की आमच्या घरी बाबा होते म्हणजे एकतर निजलेले होते, नाहीतर निघालेले होते.

घरात आम्ही तिघं. आई, मी, आणि बाबांचे थोरले भाऊ आपाकाका. आपाकाकांची बायको लवकर गेली, मूल नव्हतं. शेत, काजूची बाग, म्हैस, सगळं ते बघत आणि त्यांच्या मागोमाग आई बघे. सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन यायचा, त्याचा भोंगा वाजला की मी जनेलातून हात बाहेर काढायची आणि गरम उंडे ओच्यात घ्यायची. मग पेज. उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा वास सगळ्या घराला लागे, कपड्यांना, केसांना, शाळेच्या पुस्तकांनाही. बागेच्या टोकाला फेणीची भाटी होती, तिथे बोंडांचा रस उकळत असे आणि आपाकाका लाकडं सारत बसत. आई पहाटे बिया वेचायला जाई ती उन्हं चढल्यावर परते. मग चूल, मग म्हैस, मग विहीर. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती खांबाला टेकून बसायची, हात नुसते मांडीवर. मी म्हणायची, काय गो, बरं नाही? "बरां आसा," ती म्हणे. "कंटाळलंय फक्त." तेव्हा मला वाटायचं कंटाळा म्हणजे काही करायला नसलं की येतो तो. आईला करायला इतकं होतं, तरी तिला तो कसा येई हे मला कळत नसे. आता कळतं. फार चांगलं कळतं.

आपाकाका तरुणपणी वास्कोला हमाली करून आलेले. तिथली एकच गोष्ट ते शंभरदा सांगत. "अगो, पाकल्यांच्या वेळार दाबोळेसून दिवाक विमान जाय," ते म्हणत. पाकलो म्हणजे गोरा पोर्तुगीज. "मी स्वता सामान चढयलंय त्या विमानात. सकाळी चा-पाव खाऊन बसलेलो पाकलो, दिवाक उतरान जेवक मोकळो! आनी आमी स्वतंत्र झालों, आनी दीव चार दिसांर गेला!" असं म्हणून ते मांडीवर थाप मारून हसत. आई थोरल्या दिरासमोर बोलत नसे. चुलीपाशी माझ्यापुरतं पुटपुटे, "त्या पाकल्याच्या मांडयेर बसवन हाडूक होया होता तुझ्या बापाशीक." मला हसू येई. तिला येत नसे.

मग ते राज्याचं आलं. त्या सुमाराला अख्खा गोवा भाषेवरून भांडत होता. आपाकाका मराठीच्या सभांना जात, पोदेर कोकणीच्या बाजूचा, आणि दोघं रोज सकाळी आमच्या दारात कडाकडा भांडत. भांडत मात्र एकाच बोलीत, आणि पावांत कधी खोट आली नाही. त्या गदारोळात आई एकदाच काही म्हणाली. म्हणाली, कुठलीही भाषा होऊ दे, पण माझ्याशी बोलायला माणूस तरी येऊ दे. पुढे कळलं की गोव्याचं राज्य होणार आणि दमण-दीव त्यात नसणार, ते दिल्लीकडेच राहणार. गावात लोक पेढे वाटायच्या गोष्टी करत होते. आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही नीट. गाठोडं सुटलं होतं खरं, पण आमचा माणूस पलीकडच्या तुकड्यात होता.

बाबांचं पत्र आलं, त्यात सरळच लिहिलं होतं. कचेरीत विचारताहेत, कायमचं इथे राहणार की गोव्याला जाणार, ते या महिन्यात सांगून टाका. इथे राहिलो तर हेडक्लार्क होतो, क्वार्टर मिळते. गोव्याला आलो तर पणजीत सगळ्यांच्या खालून सुरुवात, आणि जागा मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. माझं डोकं चालत नाही. आपाने देवीला विचारावं. देवी म्हणेल तसं करतो. अमुक सोमवारी दुपारी मी दिवाच्या पोस्टात फोनपाशी बसतो, काय झालं ते कळवा. आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, "आमका विचारूक नाय." तेवढंच.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, पण आमच्याकडे तेव्हा देवीला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा घेत नसत. मुलगी द्यायची असो, विहीर खणायची असो, आजाऱ्याला मडगावला न्यायचा की म्हापशाला, सातेरीच्या देवळात जायचं, तिथला घाडी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पिटकोळीच्या फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. उजवा मिळाला की लोक धावत घरी जात आणि डावा मिळाला की मुकाट. त्यात वाद नसे. आपाकाका तर असे, की एकदा स्वतःच्या दुसऱ्या लग्नाचं विचारायला गेले, डावा मिळाला, आणि ठरलेल्या मुलीच्या घरी त्याच पावली जाऊन नमस्कार करून आले. पुन्हा कधी लग्नाचं नाव काढलं नाही.

त्या सोमवारी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. वैशाखाची तलखी, देवळाच्या दगडालासुद्धा घाम आल्यासारखं वाटत होतं. घाडीने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं सुरू केलं. "बाय देवी सातेरी माये, तुझा लेकरू धा वर्षां दिवाक अडकान पडला आसा, तेका घराक येवचा बरां आसात तर उजवो दी, थंयच रवाचा बरां आसात तर डावो दी, सगळ्यांका सांभाळ गे माये..." आम्ही म्हटलं, व्हय गे माये. आपाकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांना भाऊ घरी हवा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यांच्या पायाला भाटीत भाजल्याची जखम झाली होती, ते एका पायावर भार देऊन उभे होते आणि उजव्या पाकळीकडे असं बघत होते की बघण्यानेच ती सुटावी. मी हात जोडले होते. मला बाबा हवे होते. बाकीच्या मुलींचे वडील संध्याकाळी घरी येतात तसे यायला हवे होते, चिडलेले, दमलेले, कसे का असेना, पण रोज. आईकडे मी बघितलं नाही. धीरच झाला नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. घाडीने तीर्थ शिंपडलं. पुन्हा गाऱ्हाणं. मग कुठलाही आवाज न होता डावी पाकळी निसटली आणि देवीच्या पायाशी पडली.

घाडी जरा खाकरला. म्हणाला, फुढल्या सोमारी परत विचारया. आपाकाका म्हणाले, "नको. एकदा विचारला, झाला. देवीक परत परत विचारूचा म्हणजे तिच्यार इश्वास नाय म्हणून सांगल्यासारख्या." आणि वळले. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी पंचाने तोंड पुसलं, ते घाम पुसत होते की काय पुसत होते ते मला दिसलं नाही. मग आईकडे न बघता म्हणाले, "फोन तूच कर गो. माझ्यान तेका नाय म्हणूक जावचा नाय."

आई आणि मी पेडण्याच्या बाजारात चालत गेलो. पोस्टात लाकडी खोक्यात फोन होता, मास्तर नंबर लावून देत आणि मग आपण ओरडायचं. ओरडल्याशिवाय दिवाला ऐकू जात नसे. आम्ही बाकावर बसून राहिलो. ट्रंककॉल लागायला दुपार गेली. बाहेर बैलगाडीवरून कुणीतरी फणस उतरवत होतं. मी मनातल्या मनात सांगायचे शब्द जुळवत होते, म्हणजे आईला जमलं नाही तर मी सांगेन, बाबा, डावा मिळाला, तुम्ही तिथेच राहा. जुळवताना मला रडू फुटलं. आईने पदराच्या टोकाने माझं नाक पुसलं, मी चांगली दहावीला जाणारी घोडी, आणि मास्तर म्हणाले, "लागलो हो, बोला!"

आई खोक्यात शिरली. दार उघडंच होतं, त्यामुळे पोस्टातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"हॅलो! हॅलो! येवा तुमी!" ती ओरडली. "आयकतात? येवा! घराक येवा!" मग तिने श्वास घेतला. "उजवो! उजवो मिळालो! देवीन उजवो दिल्यान!"

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "व्हय, व्हय," आणि फोन ठेवला. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. देवीच्या नावाने खोटं! आमच्या घरात! मला वाटलं, आता छप्पर पडेल, निदान पोस्टाचं तरी. आईने माझा हात धरला आणि बाजारातल्या हॉटेलात नेलं, जिथे ती जन्मात शिरली नव्हती. पातळ भाजी आणि पाव मागवले. दोघींनी खाल्लं. ती भुकेल्या माणसासारखी खात होती. शेवटचा पावाचा तुकडा बशीतून फिरवत मला म्हणाली, "आपांक कायएक सांगाचा नाय."

"पण आये, देवी..."

"सातेरी पण बायलमाणूसच मगे. तिका कळतला." तिने बशी बाजूला सारली. "आनी नाय कळला, तर काय ता माझा मी भोगतलंय. तू जीव खाव नको."

घरी आपाकाका म्हशीला पाणी दाखवत होते. त्यांनी विचारलं, "सांगलंस?" आई म्हणाली, "सांगलंय." त्यांनी मान हलवली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात बाबांचं नाव निघालं नाही. आपाकाका रोज भाटीवर जायचे, हंगाम संपत आला तरी उगाच तिथे बसून असायचे. आई मात्र कामात अशी झपाटल्यासारखी, आणि मी दर बसचा आवाज आला की दारात.

बाबा आले ते पावसाळा चांगला लागल्यावर. अंगणात पोटरीभर चिखल. दोन ट्रंका, वळकटी, कंदील, स्टोव्ह, असा सगळा संसार हमालाच्या आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन. दहा वर्षांचं बिऱ्हाड एवढंसंच होतं. आपाकाका ओटीवर होते, ते उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. बाबांनी ट्रंक खाली ठेवली आणि हसून म्हणाले, "आपा, कायमचो इलंय रे. देवीन उजवो दिल्यान, मी म्हटलां आता कोणाची वाट बघूची?"

आई दारात तांब्या घेऊन उभी होती. आपाकाकांनी तिच्याकडे बघितलं. थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोकडे असं सरळ बघत नाही आमच्याकडे. त्यांनी बघितलं. आईने नजर खाली घातली नाही. मी खांबाला घट्ट धरून उभी होते, कारण आपाकाकांना खोटं बोलता येत नाही हे गावातली शेंबडी पोरंसुद्धा सांगत.

"व्हय," आपाकाका म्हणाले. "उजवो." आणि जरा वेळाने, "आधी पाय धू. चिखल घरात घेव नको."

त्यानंतर आपाकाकांनी आमच्या घरासाठी देवीला कधी काही विचारलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा म्हणाले, पोरगो बरो आसा, पोरीक आवडलो आसा, विचारूचा काय? देवळात जायचे ते सभामंडपात उभे राहायचे, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंतचा त्यांचा मान होता, तो त्यांनी चुलतभावाला देऊन टाकला. पाय दुखतात असं कारण सांगायचे. देवळाच्या पायऱ्या तर चढून जायचे! मी त्या माणसाला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

आता इथे असं लिहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, की बाबा आले आणि घर भरलं. पण तसं काही झालं नाही. दहा वर्षं आम्ही तिघं एका लयीत जगत होतो आणि त्यात चौथ्या माणसाला पाट कुठे मांडायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मिठाची बरणी कुठे, हे बाबांना विचारावं लागे. म्हैस त्यांना जवळ येऊ देत नसे. मी जिथे अभ्यासाला बसायची तिथेच ते पेपर घेऊन बसत आणि मला सांगता येत नसे की उठा. पणजीत खरोखरच सगळ्यांच्या खालून सुरुवात झाली. कालची पोरं त्यांच्या डोक्यावर. सकाळी दोन बसा बदलून जायचं, रात्री दिवेलागणीनंतर यायचं. आणि आले की कुरकुर. दिवाला समुद्राचा वारा कसा होता. दिवाला क्वार्टर कशी पक्क्या भिंतींची होती. इथे छप्पर गळतं, ढेकूण चावतात, सायबाला वाचता येत नाही. आणि प्रत्येक कुरकुरीच्या शेवटी कपाळाला हात लावून, "देवीन उजवो कित्याक दिल्यान, तीच जाणा!"

आई ऐकून घेई. मला त्यांचा राग राग येई. वाटे, सांगून टाकावं एकदा तोंडावर. पण आईचा शब्द होता. आणि आईने मासे सोडले होते. बाबा आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पित्त होतं, असं सगळ्यांना सांगितलं. गोव्यातल्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, ते घाटावरच्या लोकांना कळणार नाही. एरवी ती बांगड्याचं डोकंसुद्धा चोखून चोखून पांढरं करून टाकायची, ताटात मांजरालाही काही ठेवायची नाही. आता रोज माशांचं हुमण करायची, तिरफळं घालायची, आमच्या ताटांत वाढायची आणि स्वतः सोलकढी-भात घेऊन बसायची. मीठ वासावरून घाले. बाबांना ताप आला, आपाकाका पडले, माझं पहिलं बाळंतपण अडलं, की ती सोलकढीसुद्धा सोडायची आठवडाभर. मी एकदा म्हटलं, पुरे गो आता, देवी विसरली असेल. म्हणाली, ती विसरली तरी मी खंय विसरलंय?

वीस वर्षं अशी गेली. लिहिताना एका ओळीत जातात, तशीच जगतानाही गेली असं म्हणता आलं असतं तर! आपाकाका गेले. बाबा निवृत्त झाले, मग त्यांना दम्याने धरलं. शेवटच्या वर्षी मी बरेच दिवस माहेरीच होते. एका सकाळी आई त्यांना पेज भरवत होती, मी खाटेच्या पायथ्याशी कपड्यांच्या घड्या करत होते. छप्पर नवं केलं होतं तरी त्यांचं चालू होतं, की गळतंय. आणि मग, पेज गिळून, अगदी सहज, जणू छपराबद्दलच बोलताहेत असं, म्हणाले, "तू त्या दिसा फोनार खोटां बोललंस मगे."

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कोणी सांगला? आपांनी?"

"आपा खंयचो सांगता! कोणी सांगूक कित्याक होया? देवीचो निरोप सांगणारो आधी उजवो काय डावो ता सांगता. तू आधी येवा म्हणालंस."

"मगे इल्यात कित्याक?"

"तू येवा म्हणालंस म्हणान."

मला वाटलं आई रडेल. मीच रडायच्या बेतात होते. पण आईचा चेहरा असा तापला, की मी तिला तसं कधीच पाहिलेलं नाही. "आनी मगे वीस वर्षां देवीन कित्याक उजवो दिल्यान, कित्याक दिल्यान म्हणान माझा टकला खाल्ल्यात ता?"

बाबांनी धाप आवरली. "तुका कसो दोष देतलंय?" ते म्हणाले. "म्हणान देवीक दिलंय."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पेजेची वाटी माझ्या हातात दिली, म्हणाली, "तू भरय तेका," आणि आत गेली. स्वयंपाकघरात झाकण वाजलं. मी बाबांचं तोंड पुसलं, त्यांना टेकवून बसवलं आणि आत जाऊन बघितलं. ती चुलीपाशी जमिनीवर बसली होती, पाटसुद्धा न घेता, आणि ताटात भात आणि कालचं बांगड्याचं हुमण. काटे काढायची सवय मोडली होती तिची. एक काटा टाळ्याला लागला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी तांब्या पुढे केला, तो तिने ढकलला आणि दुसरा घास घेतला. तो सावकाश चावला. मग माझ्याकडे वर बघितलं.

"मीठच नाय गो ह्याका," ती म्हणाली. "वीस वर्षां असा रांधलंय, आनी तुमी मेल्यांनी एकान पण सांगूक नाय."